एक सुकट आम्लेट, बांधून

आश्रुबानं गळ्यातली माळ काढली, सिरसाळ्याच्या शिंप्याच्या दुकानात खिळ्याला अडकवली आणि समोरच्या गाड्यावर जाऊन सुकटीचं आम्लेट मागितलं, ही बातमी सावित्रीबाईनं भिवराबाईला पिठाच्या गिरणीत सांगितली. सांगताना तिनं आवाज बारीक केला होता. पण चालू गिरणीत बारीक आवाजातलं कुणाला ऐकू येतं? शेवटी तिला तेच दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं, आणि ते भिवराबाईबरोबर रांगेतल्या आणखी चौघींनीही ऐकलं.

"आगं, मी बिलाउज टाकाया गेलते शिंप्याकडं. ह्या डोळ्यांनी बघितलं. आन् शिंपी काय म्हणला ठावं हाय का? म्हणला, आजचं न्हाई बाई, दर बाजारला टांगतेत."

भिवराबाईनं पिठाचा डबा डोक्यावर घेतला आणि घरी आली. माळकऱ्यानं माळ काढायची दोनच कारणं वाडीला माहीत होती. एक प्यायचं, दुसरं खायचं. आश्रुबा पीत नव्हता, हे त्याचा वैरीसुद्धा कबूल करील. म्हणजे उरलं खाणं. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हाच, असं तिच्या मनात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण आम्लेटानंच तिचं घर मोडलं होतं.

पाच वर्षांपूर्वी आश्रुबानं माळ घातली, तेव्हा भिवराबाईनं कुरकुर केली नाही. घरातली अंडी गेली, बोंबील गेले. तिनं गोठ्यामागं तीन दगडांची चूल मांडली आणि एक जुना तवा तिकडं नेला. सुकट म्हणजे ते बोटाच्या पेराएवढे वाळके झिंगे. त्यांचा डबा कडब्याच्या गंजीत लपवून ठेवायचा, असं नवराबायकोत न बोलता ठरलं होतं. त्याला वास येत होता, पण नाक त्यानं दुसरीकडं वळवलं होतं. लेक राजनंदिनी शाळेत जायची तेव्हापासून तिला हेच लागायचं. सकाळी सातची एसटी, पोरगी अजून वेणीच घालतेय, आणि भिवराबाई पाच मिनिटांत सुकट भाजून, चोळून, पाखडून, दोन अंड्यांत फेटून आम्लेट तव्यावर टाकायची. बाजरीच्या भाकरीवर ठेवायची की पोरीचा डबा तयार.

हीच राजू सातव्या महिन्याचं पोट घेऊन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पण आली ती नेमकी सप्त्यात, आणि त्यातही ज्या दिवशी कीर्तनकार बुवांची पंगत आश्रुबाच्या घरी होती त्या दिवशी. हा मान मिळावा म्हणून आश्रुबा तीन वर्षं वाट बघत होता. आणि पोरीला तर उतरल्या उतरल्या डोहाळा लागला. "आई, मला सुकटीचं आम्लेट दे. आत्ता. दुसरं काही न्हाई."

गरोदर पोरीला नाही म्हणायचं नसतं. डोहाळा अपुरा राहिला तर जन्मलेल्या लेकराच्या तोंडातून लाळ गळत राहते, हे तर म्हाताऱ्या बायका सांगतातच. भिवराबाईनं पुऱ्यांचं पीठ तसंच टाकलं, गोठ्यामागं गेली आणि चूल पेटवली. वारा उलटा होता. वास सरळ पडवीत गेला, जिथं बुवा हात धुवून पाटावर बसत होते.

आश्रुबा आला आणि त्यानं लाथेनं तवा उलथवला. अर्धकच्चं आम्लेट शेणात पडलं. राजू तिथंच उभी होती, हातात रिकामी ताटली घेऊन. तिनं नानांकडं, आपल्या बापाकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं. आणि भिवराबाई काय करत होती? भिवराबाई खाली बघत होती. तिला घरात तेल तापत ठेवल्याचं आठवलं होतं. ती उठली आणि पुऱ्या लाटायला गेली.

राजू त्याच पावली पिशवी उचलून परळीला सासरी परत गेली. आश्रुबा सगळ्यांच्या देखत म्हणाला, "जी उंबरा वलांडून गेली, तिच्या दारात ह्या घरातलं कुणी जायाचं न्हाई." पहिलं बाळंतपण सासरी झालं. नातू झाला, बारसं झालं, भिवराबाईला काही बोलावणं आलं नाही. तिनं फोन केले, ते पोरीनं उचलले नाहीत. जावई सोमेश्वर एकदा उचलून म्हणाला, "झोपलीय," आणि तेही दुपारी बाराला.

बारशानंतर असे नऊ महिने गेले. ह्या नऊ महिन्यांत भिवराबाई कितीदा तरी दचकून थांबायची. कधी खुरपं हातात असायचं, कधी भाकरी तव्यावर. न पाहिलेल्या नातवाच्या हनुवटीवरून लाळ ओघळताना तिला दिसायची, आणि तिला वाटायचं हे आपल्या घरच्या माणसानं केलं. आणि तो माणूस दर बाजारला माळ टांगून मजेत सुकट चापत होता! मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं जग आंधळं आहे.

भांडण करायचं नाही, असं तिनं ठरवलं. भांडणात आश्रुबा हरत नसे, अभंग म्हणायला लागे. शिवाय त्या आठवड्यात पुन्हा सप्ता बसला होता आणि बाजारच्या दिवशी संध्याकाळी कीर्तनात चाल सांगायचं, म्हणजे बुवांमागं अभंग गाऊन उचलायचं काम आश्रुबाकडं होतं. सगळी वाडी त्याच्या गळ्यावर खूष असायची. भिवराबाईच्या मनात आलं, हाच गळा. हाच गळा बसवायचा. माईकसमोर त्याला ठसका लागला पाहिजे, शब्द फुटता कामा नये, आणि मग बायकांच्या बाजूनं उठून आपण विचारायचं, आवो, सकाळी काय खाल्लं ते सांगा की पंगतीला! ह्या विचारानं तिला इतकी छान झोप लागली की सकाळी आश्रुबालाच तिला हाक मारून उठवावं लागलं.

"मी खुरपायला जाते," असं सांगून ती बाजारच्या दिवशी दुधाच्या टेम्पोत बसून सिरसाळ्याला आली. गाडा शोधायला वेळ लागला नाही. परळीच्या वीज केंद्राची राख वाहणाऱ्या टिप्परचे ड्रायव्हर जिथं उभे, तिथंच रतनबाईचा गाडा. रतनबाई थोराड, हातात पोलादी कडं, बोलायला फटकळ.

"ते माळवाले माझे मालक हायत," भिवराबाई म्हणाली. "आज त्यांचं आम्लेट मी करणार."

रतनबाईनं तिला खालून वर पाहिलं. "माझ्या गाड्यावर तमाशा नगं."

"तमाशा न्हाई. आम्लेटच करते."

"पर ते हितं खात न्हाईत, बाई. कधीच न्हाई. बांधून नेतेत. पानात गुंडाळून, वरून पेपर, आन् गरम राहावं म्हून उपरण्यात बांधतेत."

"खातील कशाला इथं, चार माणसांत! बांधावर बसून खात असतील," भिवराबाई म्हणाली. चोराला आडोसा लागतोच. तिला त्यात नवल वाटलं नाही, उलट राग वाढला. गरम राहावं म्हणून उपरण्यात! एवढे लाड त्या माणसानं कधी तिच्या हातच्या भाकरीचे केले नव्हते.

ती गाड्यामागं ताडपत्रीच्या आडोशाला बसली आणि कामाला लागली. सुकट भाजली, पण चोळली नाही. पाखडली तर मुळीच नाही. वाळक्या झिंग्यांत समुद्राची वाळू येते, डोकी टोचतात, ती काढल्याशिवाय लेकराच्या पुढं ठेवायची नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं, आणि म्हणूनच तिनं ती काढली नाही. हिरव्या मिरच्या सात घेतल्या. बारीक चिरल्या, बियांसकट. वर लाल तिखटाचा हात मारला. मग मीठ घेतलं, एक मूठ. क्षणभर थांबली आणि शेणात पडलेलं ते अर्धकच्चं आम्लेट आठवून आणखी अर्धी मूठ घेतली.

रतनबाईनं कपाळाला हात लावला. "आगं बया! बैलाला चाटण करतीस व्हय?"

"बैलालाच."

"माझं नाव जाईल ना."

"तुझं न्हाई जाणार. त्यांचं जाईल."

तेवढ्यात आश्रुबाचा आवाज आला. भिवराबाईनं ताडपत्रीच्या फटीतून पाहिलं. शिंप्याच्या दुकानातून येत होता, मोकळा गळा घेऊन. माळ नसलेला तो गळा तिनं पाच वर्षांनी पाहिला. तिथली कातडी पांढरी पडली होती. तो इकडंतिकडं बघत, एखाद्या पोरासारखा अवघडून उभा राहिला आणि म्हणाला, "रतनबाई, आपलं ते. बांधून."

भिवराबाईनं अंडी फोडली, फेटली, तव्यावर ओतली. चर्र असा आवाज झाला. तिखटाचा भपका उठला आणि एक ड्रायव्हर खोकायला लागला. तिचे डोळे चुरचुरले, पण ते तिखटानंच. आत मात्र ती हसत होती. कडा सुटल्या, तिनं उलटवलं, लाल केलं, आणि सवयीनं तिच्या हातांनी त्याची चौपदरी घडी घातली, डब्यात बसावी तशी. घडी पानात गुंडाळली, वरून पेपर, आणि आडोशातून हात पुढं करून रतनबाईला दिली.

आश्रुबानं ती उपरण्यात बांधली, छातीशी धरली आणि परळीच्या गाडीत चढला. परळीला कशाला, हा प्रश्न भिवराबाईला पडला खरा. पण तिनं तो झटकला. बसमध्ये खिडकीशी बसून खाईल, वाडीतलं कुणी नसतं तिथं. खा म्हणावं. पोटभर खा.

घरी येऊन तिनं शेळीला चारा टाकला, अंगण झाडलं, आणि सप्त्याला नेसायचं नवं लुगडं काढून ठेवलं. गुणगुणत होती. इतकं हलकं तिला नऊ महिन्यांत वाटलं नव्हतं. खोटं कशाला सांगा, सूड गोड लागतो. जो म्हणतो लागत नाही, त्यानं तो घेतलेला नसतो.

बारा वाजता फोन वाजला. राजूचं नाव बघून तिच्या हातातला झाडू गळला.

"आई," पलीकडून आवाज आला. "मी बोलतीय."

"राजू! बाळा—"

"आई, आज तू केलतंस ना?"

"काय गं?"

"आम्लेट. नानांनी आणलेलं. पान सोडलं आन् घडी बघितली, तवाच वळखलं मी. अशी घडी कुणीबी घालत न्हाई. नानांना इचारलं, तर ते न्हाई म्हणले. पर त्यांचं तोंडच उतरलं. मग मी म्हणलं, तुमी नका सांगू, मला ठावं हाय."

भिवराबाई ओसरीच्या कडेला बसली.  "नाना... तुझ्याकडं येतात?"

"दर बाजारला. मला आठवा लागला तवापासून. पयल्यांदा आले तवा दारातच उभे राहिले, माळ न्हाई, काय न्हाई. म्हणले, ह्ये घेऊन माळ घालून कसा येऊ, म्हून काढून ठेवली.  मी खाल्लं आन् ते बघत बसले." पलीकडं बाळ कुरकुरलं. "तुला ठावं न्हवतं व्हय?"

"न्हाई."

"मला वाटायचं तुला ठावं हाय. ठावं असून येत न्हाईस."

"मी कशी येऊ गं? त्यांनी समद्यांपुढं शपथ घातलती."

"शपथ त्यांचीच व्हती आन् त्यांनीच मोडली. आम्लेटाचा तवा त्यांनी उलथवला, मला ठावं हाय. पर ते आले, आई. तू न्हाई आलीस. तुला कुणी धरून ठेवलं व्हतं?"

 नऊ महिने तिनं जे उत्तर जपून ठेवलं होतं, ते सगळं आश्रुबाच्या नावावर होतं.

मग पोरीचा आवाज एकदम लहान झाला, शाळेतल्यासारखा. "आई, एक इचारू का? आज लई तिखट झालतं. मीठ तर दोनदा पडलंय तुझ्याकडून. तोंड समदं सोलपटलंय माझं. बाळाला दूध पाजू का आज? का थांबू? सासूबाई गावाला गेल्यात, कुणाला इचारावं तेच कळंना."

भिवराबाईनं तोंडावर पदर दाबला. पोरीनं लेकराबद्दलची पहिली गोष्ट आईला विचारली होती, आणि ती ही.

"थांब जरा," ती कशीबशी म्हणाली. "ताक पी. दोन तांबे पी, बिनमिठाचं. मी येते."

"येशील?"

"येते म्हणलं ना."

ती निघाली ती अंगावरच्या लुगड्यानिशी. सिरसाळ्याच्या स्टँडवर परळीची गाडी लागली होती आणि तिच्यातून आश्रुबाच उतरत होता. मोकळं उपरणं खांद्यावर, चेहरा राखेसारखा. बायकोला बघून तो पायरीवरच थबकला, मागच्या लोकांनी त्याला ढकललं तेव्हा खाली आला.

"गाड्यावर तू व्हतीस," तो म्हणाला.

"व्हते."

"पोरीच्या डोळ्याला धारा लागल्या खाताना. मला वाटलं, तुझी आठवण आली म्हून रडतीय."

"मी तुमच्यासाठी केलतं," भिवराबाई म्हणाली. "तुमचं तोंड जळावं म्हून."

आश्रुबाला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा तो स्टँडच्या कठड्यावर बसला. लोक येत-जात होते. त्याचा हात सवयीनं गळ्याकडं गेला आणि तिथं काही नव्हतं.

"नऊ महिने मला नातवाची लाळ दिसत व्हती," ती म्हणाली. "पोरीचं डोहाळं तुमी पुरवून आलतात आन् माझ्यासमोर बसून भाकरी खात व्हतात. एका शब्दानं सांगता येत न्हवतं?"

"लाज वाटली," आश्रुबा म्हणाला. "समद्यांपुढं बोललो व्हतो. मागं कसं येऊ, ते कळंना."

हाच माणूस असा लहान होऊन आपल्यापुढं बसावा, म्हणून तिनं काय काय योजलं होतं. आता तो बसला होता, आणि तिला त्याचं काहीच करायचं नव्हतं. त्याच्यावरचा राग तसाच होता, उलट वाढला होता. पण सातव्या महिन्याची पोर रिकामी ताटली घेऊन उभी होती, तेव्हा तव्याला लाथ मारणारा एक होता आणि पुऱ्या लाटायला जाणारी दुसरी होती, आणि ह्या दुसरीला आजवर कुणी शिक्षा केली नव्हती. ती तिला आज सकाळी स्वतःच्याच हातानं झाली होती. फक्त भोगली भलत्याच जिवानं.

"घरी भाकरी न्हाई," ती म्हणाली. "मी कवा यीन ते सांगत न्हाई." आणि ती गाडीत चढली.

परळीला राजूचं बिऱ्हाड स्टेशनच्या मागं होतं. विचारत विचारत गेली. दार राजूनंच उघडलं. ओठ सुजले होते, डोळे लाल होते, कडेवर नातू होता. धडधाकट, गुबगुबीत, भिवराबाईकडं टक लावून बघणारा. राजूनं तो आईच्या हातात दिला आणि पाया पडायला वाकली.

"दोन तांबे ताक पिले. दूध बी पाजलं त्याला, रडायला लागला म्हून. काय झालं न्हाई," ती म्हणाली. मग उठता उठता हसून तिनं विचारलं, "करताना रडत व्हतीस ना गं? म्हूनच मीठ दोनदा पडलं?"

हो म्हणायचं, एवढंच होतं. पोरीनं उत्तर स्वतःच तयार करून हातात दिलं होतं, कडेवर नातू होता, आणि ह्या घरात आता तिला कुणी काही विचारणार नव्हतं. भिवराबाईनं तोंड उघडलं, आणि तिला ते जमलं नाही. गप्प बसून एकदा काय होतं ते तिनं पाहिलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या बापाचं तोंड जाळायचं व्हतं मला. वाटलं तेच खातेत. मुद्दाम टाकलं, मीठ बी आन् मिरची बी. सुकट बी पाखडली न्हाई."

राजूचं हसू तिथंच राहिलं.  मग सुजलेल्या ओठांवरून तिनं जीभ फिरवली.

"नाना म्हणत व्हते, राहू दे, टाकून दे ते," ती हळू म्हणाली. "मी म्हणलं, आईच्या हातचं हाय. एक घास बी टाकला न्हाई मी, आई."